कडू कुणाला?

पौषातल्या सकाळी हरभऱ्याच्या रानातून चालून आलं की पोटऱ्या चुरचुरतात. चामड्याची चप्पल असेल तर काही दिवसांत तिचा रंग विटतो. आमच्या पलूस तालुक्यातल्या गावात हरभऱ्यात जाताना जुनं पायताण घालायचं, हे कुणी कुणाला शिकवत नाही. एकदा चांगलं पायताण गेलं की माणूस शिकतोच.

चुरचुरतं ते दहिवरामुळं. हरभऱ्याच्या पानांवर, देठांवर, घाट्यांवर बारीक केस असतात, केसांच्या टोकाला ग्रंथी असतात आणि त्यांतून आम्ल पाझरत असतं. त्यात मॅलिक आम्ल मुख्य, जोडीला ऑक्झॅलिक. रात्रीच्या दंवात ते मिसळलं की तयार होते आंब. आमची आत्ती ही आंब धरायची. निजायच्या आधी एखादं धुतलेलं जुनं धोतर हरभऱ्यावर अंथरून यायची आणि उन्हं यायच्या आत ते भिजलेलं धोतर काचेच्या बरणीत पिळायची. कुणाचं पोट दुखलं की चमचाभर आंब पाण्यातून. औषध म्हणून तिची किंमत काय ते वैद्यांनी ठरवावं. माझ्या लक्षात राहिली आहे ती जिभेच्या कडा आकसून घेणारी चव. त्याच हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून केलेल्या भाजीतही ती असते, जरा सौम्य होऊन.

झाड काही आत्तीच्या पोटदुखीसाठी आंब गाळत नव्हतं. हरभऱ्याचा खरा वैरी म्हणजे घाटेअळी. हीच अळी कापसावर गेली की तिला बोंडअळी म्हणतात, तुरीवर शेंगअळी, टोमॅटोवर फळं पोखरणारी अळी. एकच किडा, पण शंभराहून जास्त प्रकारच्या झाडांवर जगणारा. इतक्या खादाड जिवाला अडवायचं तर पाहुणचारच आंबट करावा, असा हरभऱ्याचा मार्ग. हरभऱ्याच्या वाणांवर झालेल्या अभ्यासांत दिसलं की ज्या वाणांच्या पानांवर आम्ल जास्त, त्यांच्यावर घाटेअळी कमी. त्यातही मॅलिकपेक्षा ऑक्झॅलिक आम्लाचा मार मोठा. ते पोटात गेलं की अळीची वाढ खुंटते. मरत नाही, पण रेंगाळते. आणि रेंगाळलेली अळी पक्ष्याला किंवा गांधीलमाशीला सापडण्याची शक्यता वाढते.

इथवर गोष्ट सरळ आहे. पुढं ती वाकडी होते, आणि मला त्या वाकडेपणातच जास्त गोडी वाटते.

आमच्या भागात उसाला खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड लावतात. कार्डावर ट्रायकोग्रामा नावाच्या, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या गांधीलमाश्या असतात. त्या किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतात आणि कीड जन्मायच्या आधीच संपते. घाटेअळीच्या अंड्यांवरही ही माशी चालते, टोमॅटोवर चालते. हरभऱ्यावर मात्र तिचं फारसं काही चालत नाही. पानावर पाय टेकला की आम्ल, आणि तिचा जीव केवढा! म्हणजे हरभऱ्यानं चोराला अडवायला जी आंब गाळली, तिनं राखणदारालाही वाटेतच अडवलं. नाही म्हणायला कॅम्पोलेटिस नावाची दुसरी, अंगानं मोठी गांधीलमाशी हरभऱ्यातल्या लहान अळ्यांना गाठते, तिला या आंबेचं तितकं वावडं नाही. म्हणजे एकच थेंब: अळीला अर्धं विष, एका माशीला पूर्ण, दुसरीला नाहीच, आत्तीला औषध आणि आम्हाला भाजीची चव.

लहानपणी मी आत्तीला विचारलं होतं, एवढं आंबट असून अळी खाते कशी? आत्ती म्हणाली, "आंबट तुला लागतंय. तिला काय लागतंय ते तिला ठावं." ती शाळेत गेलेली नव्हती. पुढं महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकले तेव्हा हे वाक्य बऱ्याच पुस्तकी व्याख्यांपेक्षा टिकाऊ निघालं.

शास्त्रज्ञांना तिथवर यायला बराच वेळ लागला. झाडात शर्करा, प्रथिनं, मेद असतात ते समजण्यासारखं. ती जगण्याला लागतात. पण निकोटीन कशाला? टॅनिन कशाला? मोहरीतली झणझणी कशाला? विसाव्या शतकात बराच काळ उत्तर असं होतं की हा झाडाचा कचरा आहे, चयापचयात उरलेला आणि बाहेर टाकता न आल्यानं पानात साठवलेला. १९५९ मध्ये गॉटफ्रीड फ्रँकेल या कीटकशास्त्रज्ञानं ठामपणे मांडलं की हा कचरा नव्हे; ही रसायनं असण्याचं कारणच मुळी कीटक आहेत. पोषणाच्या बाबतीत पानं एकमेकांपासून फार वेगळी नसतात, वेगळी असते ती ही दुय्यम रसायनं, आणि कुठला किडा कुठल्या झाडावर बसणार हे तीच ठरवतात. पाच वर्षांनी एर्लिक आणि रेव्हन या दोघांनी फुलपाखरं आणि त्यांची खाद्यझाडं यांच्या वंशावळी शेजारी ठेवून पाहिल्या: झाड नवं विष काढतं, काही काळ निवांत होतं, मग एखादा किडा ते पचवायला शिकतो आणि त्या झाडाच्या सगळ्या भाऊबंदांवर पसरतो.

पण फ्रँकेलच्याही कितीतरी आधी, १९१० मध्ये, ॲमस्टरडॅमच्या व्हर्शाफेल्ट यांनी कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखराच्या अळ्यांवर एक साधा प्रयोग केला होता. ज्या पानांकडे या अळ्या ढुंकून बघत नसत, त्यांना मोहरीवर्गातल्या झाडाचा रस चोळला. अळ्या खायला लागल्या. झणझणी ज्यातून निर्माण होते ते सिनिग्रिन हे द्रव्य नुसतं लावलं तरी तेच. अळीला कोबी ओळखू येतो तो त्याच्या हिरवेपणावरून नव्हे, गोडीवरून नव्हे, तर जे द्रव्य इतरांना हाकलण्यासाठी आहे नेमक्या त्याच द्रव्यावरून.

ही झणझणी आपल्या स्वयंपाकघरातली आहे. मोहरी फोडणीत टाकली तर नाकात जात नाही. लोणच्यासाठी फेसली की डोळ्यांतून पाणी काढते. मोहरीच्या दाण्यात सिनिग्रिन एका जागी असतं, त्याला तोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या जागी. दाणा शाबूत तोवर दोघांची गाठ पडत नाही. फेसताना दाणा फुटतो, पाणी मिळतं, विकर कामाला लागतं आणि झणझणी सुटते. कढत तेलात मात्र विकर आधीच मरतं, म्हणून फोडणीचा दाणा खमंग लागतो पण झोंबत नाही. अळीनं पान चावलं की हेच होतं. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग म्हणतात त्याच्या अळीनं यावर तोड काढली आहे: तिच्या आतड्यात एक विकर आहे, ते झाडाच्या विकराच्या आधी सिनिग्रिनसारख्या द्रव्यांचा एक तुकडा काढून टाकतं. मग झाडाच्या विकराला पकडायला जागाच उरत नाही. तिला कोबी म्हणजे नुसती भाजी.

आणि शेतकऱ्यांनी या पतंगाची खूण त्याच्यावरच उलटवली. कोबीच्या दर २५ ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी लावायच्या, ही सापळा पिकाची शिफारस आपल्याकडं चांगली रुळली आहे. मोहरीत ती द्रव्यं भरपूर, म्हणून मादी अंडी घालायला मोहरीवर जाते. कोबीला वाचवायला मोहरीची झणझणी, पण हाकलण्यासाठी नव्हे, बोलावण्यासाठी.

मी सांगलीत फ्लॅटमध्ये राहते, गच्चीवर कुंडीत कढीपत्ता आहे. त्यावर लिंबावरचं फुलपाखरू येतं तेव्हा मी चहा गार होऊ देते. मादी पानावर उतरते आणि पुढच्या पायांनी पान पटपट बडवते. चव घेणारी इंद्रियं तिच्या पायांत असतात. लिंबाच्या कुळातली खूण पटली की पोट वाकवून एक अंडं ठेवते आणि उडते. शेजारच्या जास्वंदीवरही कधी उतरते, बडवते, नापसंत करून निघून जाते. माणसाला कढीपत्ता फोडणीचा वास आहे. तिला तो लेकरांच्या घराचा पत्ता आहे. अळ्यांनी निम्मी पानं खाल्ली की सोसायटीतल्या काकू मला हळहळून औषध सुचवतात. मी ऐकते आणि मारत नाही. कढीपत्ता बाजारात मिळतो.

काकडीची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. काकडी कडू निघाली की टोक कापून ते कापावर घासायचं आणि येणारा फेस पुसून टाकायचा, हे आपण सगळेच करतो. तो कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा. माणसाच्या जिभेला कळणाऱ्या अतिशय कडू पदार्थांत त्यांची गणना होते. इंद्रावणाच्या फळात ती ठासून भरलेली असतात. हे कडू बहुतेक किड्यांना चालत नाही. पण वेलवर्गावरचे तांबडे भुंगेरे आणि त्यांचे अमेरिकेतले चुलतभाऊ या कडूवरच धावतात. द्रव्य जितकं जास्त तितके ते हावरटासारखे खातात. काही भुंगेरे आधी पानावर गोल चर कातरतात, मग आतलं खातात, म्हणजे झाडाला तिथं जास्तीची कुमक पाठवता येत नाही.

मग माणसानं बिनकडू काकडी काढली. आपल्याला कडू नको होतं, आणि भुंगेरेही हटतील असं वाटलं. भुंगेरे हटले खरे. पण १९७१ मध्ये डाकोस्टा आणि जोन्स या संशोधकांनी दाखवून दिलं की ज्या एका जनुकावर काकडीचा कडूपणा अवलंबून आहे, ते काढलं की भुंगेरे कमी होतात आणि कोळी वाढतात, म्हणजे घरात जाळी करणारे नव्हेत, पानांतला रस शोषणारे बारीकसे. त्या कडूनं कोळ्यांना रोखून धरलं होतं. शेती वाचवायची म्हणजे कुणापासून, हा प्रश्न आधी विचारावा लागतो, आणि तो आपण सहसा विचारत नाही. "रोगकिडीला बळी न पडणारं वाण" असं पिशवीवर लिहिलेलं वाचलं की मला हा जनुक आठवतो.

आता जतकडं वळायचं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, पलीकडं साताऱ्यातलं माण: सगळा ज्वारीचा पट्टा. कृष्णाकाठच्या आम्हा लोकांना उसापुढं ज्वारी दिसत नाही, पण माझी नणंद जत तालुक्यात दिलेली आहे आणि तिच्या दारात कायम चार-दोन जनावरं. पाऊस ओढ देऊन गेला की तिथं सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे किराळ. जनावर दावं तोडून कोवळ्या ज्वारीत घुसलं, किंवा कापलेल्या ज्वारीचे पुन्हा फुटलेले कोंभ खाल्ले, की काही वेळात धापा टाकतं, तोंडाला फेस येतो, कोसळतं. डॉक्टर वेळेत आला आणि थायोसल्फेट शिरेतून गेलं तर वाचतं.

मारतं ते सायनाइड. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. टायरोसिन या साध्या अमिनो आम्लापासून झाड ते बनवतं. पानाच्या वरच्या सालीतल्या पेशींत धुरिन, आतल्या पेशींत त्याला फोडणारं विकर. मोहरीचीच युक्ती, फक्त इथं शेवटाला झणझणीऐवजी हायड्रोजन सायनाइड. ते पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. रक्तात ऑक्सिजन असतो, रक्त लालभडक असतं, आणि जनावर गुदमरतं. रोप लहान असताना धुरिन सर्वांत जास्त, पाण्याचा ताण पडला की आणखी जास्त, झाड पिकत जाईल तसं कमी. झाडाच्या बाजूनं पाहिलं तर हिशेब चोख आहे: वाढायला पाणी नाही, गेलेलं पान पुन्हा येणार नाही, तर आहे ते पान राखायचं. नणंदेच्या बाजूनं पाहिलं तर ज्या वर्षी चारा नाही नेमकं त्याच वर्षी दारातला हिरवा चारा विषारी. निसवलेल्या ज्वारीचा वाळलेला कडबा मात्र तीच जनावरं वर्षभर खातात.

आणि किडे? त्यांनाही सायनाइड मारतंच, पण पतंग-फुलपाखरांच्या कुळाकडं आणि त्या रस शोषणाऱ्या कोळ्यांकडं त्याला निरुपद्रवी करणारं एक विकर आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कळलं की या विकराचं जनुक मुळात त्यांचं नाहीच. कधीतरी, फार पूर्वी, ते एखाद्या जिवाणूकडून त्यांच्या पूर्वजांत आलं आणि तिथंच राहिलं. चार पोटं असलेल्या म्हशीला जे जमलं नाही ते एका सुरवंटानं जिवाणूकडून उचललं.

रुई आणि तागाबद्दल थोडक्यात. समर्थांच्या अकरा मारुतींपैकी बरेच आमच्याच दोन जिल्ह्यांत: चाफळ, मसूर, उंब्रज, बहे, शिराळा. शनिवारी रुईच्या पानांचे हार चढतात, आणि हारातल्या एखाद्या पानावर काळे-पिवळे-पांढरे पट्टे ल्यालेला सुरवंट निघतो. रुईचा चीक हृदय थांबवणारा. हा सुरवंट आधी पानाची शीर चावून चिकाचा पुरवठा तोडतो आणि मग खातो. पोटात गेलेलं विष अंगात साठवून जे नारिंगी फुलपाखरू होतं ते पक्ष्यांना बाधतं. त्याच्या रंगाची नक्कल करून अगदी वेगळ्या जातीच्या, बिनविषारी फुलपाखराची मादी निर्धास्त हिंडते. उसाच्या आधी हिरवळीचं खत म्हणून आपण ताग पेरतो, त्यावर एक ठिपकेदार पतंगाची केसाळ अळी असते. तागाच्या कुळातली अल्कलॉइडं ती अंगात साठवते. तिच्या अमेरिकेतल्या भावंडांवर कॉर्नेल विद्यापीठात थॉमस आयस्नर यांनी वर्षानुवर्षं काम केलं: नर याच विषापासून अंगाचा गंध बनवतो, मादी त्या गंधावरून त्याच्याकडं विष किती आहे ते जोखते, आणि मीलनात नर ते विष तिला देतो, ती अंड्यांना देते. थोडक्यात हुंडा, पण देणारा नवरदेव. आमच्या भागातल्या लग्नांच्या याद्या करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

मका मात्र थोडक्यात सांगून होणार नाही, कारण तिची लढाई अजून रंगात आहे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्याकडं आली. दुधाच्या धंद्यासाठी मुरघास करणाऱ्या आमच्या गावाला तिनं नको करून सोडलं. पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, डोकं घालून बसलेली अळी, कातरलेली पानं आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली विष्ठा: हे चित्र आता शाळेतलं पोरही ओळखतं.

मक्याकडं स्वतःचं विष आहे, डिम्बोआ. एरवी त्याला साखरेचा एक रेणू जोडून झाड ते निष्क्रिय ठेवतं. पान चावलं गेलं की विकर साखर तोडतं आणि विष मोकळं होतं. ही अळी काय करते, तर मोकळ्या झालेल्या विषाला आतड्यात पुन्हा साखर जोडते. आणि जोडते ती उलट्या बाजूनं, आरशातल्या प्रतिमेसारखी. झाडाचं विकर सुलट जोड ओळखतं, उलट ओळखत नाही. विष बांधलेलंच राहतं आणि अळीच्या अंगातून बाहेर पडतं. एवढ्यावर तिचं भागलेलं नाही. २०१६ मधल्या एका संशोधनात दिसलं की पोंग्यात साठलेली तिची विष्ठाही तिच्या कामी येते. त्या विष्ठेत मक्याचीच काही प्रथिनं असतात. ती पानाच्या जखमेला लागली की झाडाला बुरशीचा हल्ला झाल्यासारखं वाटतं. बुरशीविरुद्धची यंत्रणा चालू होते, अळीविरुद्धची मंदावते. शेतकरी ज्याला घाण म्हणून बघतो ती घाण झाडाची दिशाभूल करत असते.

मकाही गप्प बसत नाही. फ्लोरिडात टर्लिंग्स आणि टमलिन्सन यांनी १९९० मध्ये दाखवलं की अळीनं कुरतडलेली मका हवेत विशिष्ट वास सोडते आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्या त्या वासावर येतात. पानाला नुसती जखम केली तर तसा वास सुटत नाही. त्या जखमेवर अळीची लाळ लावली तर सुटतो. म्हणजे मक्याला आपल्याला कुणी खाल्लं हे लाळेवरून कळतं. त्या लाळेतलं द्रव्य १९९७ मध्ये वेगळं काढलं गेलं. माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला हा सर्वांत सुंदर प्रयोग: एक जखम, थोडी लाळ आणि वाट बघण्याची तयारी.

यानंतर कडुनिंबाकडं येणं अटळ आहे, कारण आपल्याकडं कडू म्हटलं की कडुनिंब आणि कडुनिंब म्हटलं की "किडीला चालत नाही". धान्यात पाला, कपड्यांत पाला, पाडव्याला कोवळी पानं. १९५९ मध्ये सुदानात टोळधाड आली तेव्हा हाइनरिख श्मुटेरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाला दिसलं की आसपासचं सगळं फस्त झालं, कडुनिंबं तेवढी हिरवी राहिली. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान, जोतवानी आणि राय यांनी १९६२ मध्ये निंबोळीच्या बीतल्या गरापासून केलेल्या पाण्यातल्या मिश्रणानं टोळांना पिकांपासून दूर ठेवून दाखवलं. १९६८ मध्ये इंग्लंडात त्यातलं मुख्य द्रव्य वेगळं झालं, अझाडिराक्टिन. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा की प्रयोगशाळेत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवायला केंब्रिजच्या चमूला २२ वर्षं लागली. २००७ मध्ये जमलं. निंबोळीपासून बुरशीनाशक बनवण्याचं युरोपातलं पेटंट २००० मध्ये रद्द झालं तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले होते, ते अनेकांना आठवत असतील.

अझाडिराक्टिन अळीला दोन प्रकारे अडवतं. काहींना ते खाऊच देत नाही. ज्या खातात त्यांची कात टाकण्याची संप्रेरकं बिघडवतं. अळी जुन्या कातडीत अडकून मरते. मारायला वेळ लागतो, उन्हात लवकर विरतं, म्हणून संध्याकाळी फवारायचं. एवढं समजून फवारलं तर निंबोळी अर्क उत्तम आहे. पण "नैसर्गिक आहे, कशावरही चालतं, कुणालाही अपाय नाही" असं जे सरसकट सांगितलं जातं ते मला पटत नाही. सायनाइड नैसर्गिकच आहे, ज्वारीत आहे. निकोटीन नैसर्गिक आहे, तंबाखूत आहे. कुठलंही झाड "किडी" नावाच्या एका ढिगाशी लढत नाही. प्रत्येकीशी त्याचं वेगळं भांडण असतं, आणि एखादीशी मैत्री.

त्याचा पुरावा आमच्या खळ्याच्या कडेला उभा आहे. उसाला पोखरणारी हुमणी आमच्याकडं सगळ्यांना माहीत आहे. जमिनीत मुळ्या खाणारी ती पांढरी, कमानीसारखी अळी. तिचे भुंगेरे वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून निघतात, आणि घोंघावत जातात कुठं, तर बाभळीवर, बोरीवर आणि कडुनिंबावर. रात्रभर पाला खातात, तिथंच जमतात, पहाटे पुन्हा मातीत जाऊन माद्या अंडी घालतात. सकाळी कडुनिंबाची पानं चाळणी झालेली असतात. धान्यातल्या सोंड्याला जो पाला नकोसा, तो या भुंगेऱ्याला मेजवानी. अझाडिराक्टिनचा साठा मुख्यतः निंबोळीच्या गरात, पानांत तो कमी. आणि भुंगेरा झाल्यावर कात टाकायची नसतेच. जी अळी कात टाकते ती जमिनीखाली उसाच्या मुळ्यांवर.

हुमणीची वर्षाला एकच पिढी असते, म्हणून भुंगेरे अंडी घालायच्या आत धरले तर पुढचं वर्ष वाचतं. साखर कारखाने आणि गावं मिळून मोहीम काढतात. आकडी बांधलेल्या काठीनं फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे वेचायचे आणि रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. शिफारशींत दुसराही उपाय असतो: या झाडांवर कीटकनाशक फवारा. म्हणजे कडुनिंबावर कीटकनाशक. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कागद उलटून पुन्हा बघितला होता.

मागच्या मृगाच्या आधी मी माहेरी होते. वळीव पडून गेला होता, अंगणातल्या बल्बवर भुंगेरे आदळत होते. दादा पंप काढून बसला होता. बांधावरच्या बाभळी मारून झाल्यावर खळ्याच्या कडेचा कडुनिंबही उरकून टाकू, असा त्याचा बेत. मी काही बोलायच्या आत वहिनी पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांचे वांग्याचे आणि दोडक्याचे वाफे आहेत, त्यांना त्या दरसाल निंबोळीचाच अर्क मारतात: पाच किलो गराची भुकटी, रात्रभर भिजवून गाळून शंभर लिटर पाण्यात. त्या निंबोळ्या याच झाडाखाली पडतात, याच दिवसांत.

"बाभळीवर काय मारायचं ते मारा," वहिनी म्हणाल्या, "ह्या झाडाला हात लावू नका. खाली माझ्या निंबोळ्या पडत्यात."

दादानं पंप भिंतीला टेकवला आणि आकडी शोधायला गेला.